तुतारी उष्टी होत नाही

मागोव्याने मला पकडलं, तेव्हा त्याच्यासमोर मीच बसले होते.

भैरवमाळ विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते मी. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून दुपारी प्रयोगशाळेत काम करायचे. काम साधं होतं. दर सोमवारी वसतिगृहांतली पोरंपोरी रांगेत येऊन आ करायची, मी त्यांच्या घशात कापसाची काडी फिरवायची, काडी नळीत, नळीवर क्रमांक, आणि नळी मागोव्याच्या पोटात. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. पण संध्याकाळपर्यंत कोणाच्या घशात कोणता जंतू मुक्कामाला आहे आणि तो दुसऱ्या कोणाच्या जंतूचा सख्खा भाऊ आहे, हे ते पडद्यावर काढून दाखवायचं. पुण्यामुंबईच्या विद्यापीठांत अशी यंत्रं बसली म्हणून आमच्या माळावरही बसवलं होतं. माळावर तोवर बघण्यासारख्या फक्त पवनचक्क्या होत्या.

त्या सोमवारी मुलांच्या वसतिगृहातला वेदांग देशमाने मिरजेच्या रुग्णालयात बेशुद्ध पडून होता. आधी ताप, मग मान आखडली, मग अंगावर जांभळे ठिपके. मेंदूज्वर. त्याच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातला जंतू मागोव्याने वाचला, आमच्या सगळ्या नळ्यांशी ताडून पाहिला, आणि एक झाड काढलं. झाडाच्या मधोमध ज-४१. तिथून वेदांगपर्यंत लाल दोरी. लाल म्हणजे निकट संपर्क. आणखी तीन लाल दोऱ्या मुलांच्या वसतिगृहातल्या तीन क्रमांकांपर्यंत गेलेल्या.

ज-४१ म्हणजे मी, केतकी ऐवळे. नळीवरचं लेबल मीच चिकटवलं होतं, थोडं तिरकं लागलं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

आता थोडं विज्ञान ऐकून घ्या, कारण त्याच्याशिवाय या गोष्टीतला मूर्खपणा कळायचा नाही. हा जंतू शंभरातल्या आठ-दहा धडधाकट माणसांच्या घशात निमूट राहतो. त्यांना कळतही नाही. तो थुंकीतून एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो. क्वचित एखाद्याच्या घशाची भिंत ओलांडून तो रक्तात उतरतो, आणि मग माणूस बघता बघता हातचा जातो. कोणाच्या बाबतीत उतरेल, हे अजूनही कोणाला नीट सांगता येत नाही.

त्याच्या अंगात बावीसेक लाख अक्षरांचा मजकूर असतो. दुभंगताना तो हा मजकूर उतरवून घेतो आणि कधीमधी एखादं अक्षर चुकवतो. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. परीक्षेत कॉपी पकडतात ती अशीच. दोन पेपरांत एकच विचित्र चूक सापडली, की सर ओळखतात, हे दोघे शेजारी बसले होते. पण कोणी कोणाचं पाहिलं, हे चुकीवरून कळत नाही. कदाचित दोघांनी तिसऱ्याचं पाहिलं असेल, आणि तो तिसरा पेपर देऊन केव्हाच घरी गेला असेल. मागोवा फक्त शेजार सांगतो. त्याच्या झाडाला दोऱ्या असतात, बाण नसतात. एवढं लोकांनी लक्षात ठेवलं असतं, तर मला ही गोष्ट सांगावीच लागली नसती.

मी उठून सरळ मगदूम मॅडमच्या खोलीत गेले. डॉ. शकुंतला मगदूम, आमच्या विभागप्रमुख. क्रमांक कोणाचा, याची किल्ली फक्त त्यांच्याकडे असायची.

“मॅडम, ज-४१ मी आहे. मला आधी इंजेक्शन द्या, मग काय विचारायचं ते विचारा.”

त्यांनी दिलं. नेहमीच्या गोळीला हा जंतू दाद देत नव्हता. चालणारं इंजेक्शन जिल्ह्यात मोजकंच उरलं होतं आणि लस यायला वेळ होता. म्हणून तर माग काढणं आलं. सगळ्यांना टोचता येत नव्हतं. ज्यांच्यापर्यंत जंतू पोचला असेल, त्यांनाच शोधून टोचायचं होतं.

“चार लाल दोऱ्या आहेत, केतकी,” मॅडम म्हणाल्या. “चौघांना तू...” आणि थांबल्या.

“वेदांग ढोलपथकात माझ्याबरोबर आहे. बाकी तिघे कोण, हेही मला ठाऊक नाही.”

“मग?”

“मग काय, ते मलाही कळत नाहीये.”

त्यांनी मान डोलावली. पण त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर जरा जास्त वेळ रेंगाळली. शिकलेल्या बाईची नजर अशी रेंगाळली की जास्त लागतं.

संध्याकाळी ते झाड पालकांच्या ग्रुपवर होतं. मधल्या क्रमांकाभोवती कोणीतरी गोल काढून माझं नाव लिहिलं होतं. चार मुलं, एक मुलगी. खाली काय काय लिहिलं होतं, ते मी वाचलं. सगळं वाचलं. डोळे मिटून घ्यायचे नाहीत, असं ठरवूनच वाचलं.

“बाबरसाहेबांनी साथ रोखायची म्हणून विचारलं गं,” दुसऱ्या दिवशी मॅडम खाली बघत म्हणाल्या. बाबरसाहेब म्हणजे आमचे कुलसचिव. “मी फक्त मधलं एक नाव सांगितलं.”

“मडक्याला भोकही एकच पुरतं, मॅडम.”

मला राग बदनामीचा नव्हता असं नाही. होता, पोटभर होता. पण त्याहून मोठा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. पहिल्या सोमवारी पोरी काडी घशात घ्यायला कचरत होत्या, तेव्हा मी मेसमध्ये बाकावर उभी राहून म्हटलं होतं, “तुमचं नाव कुठंही जाणार नाही. माझा शब्द.” त्या शब्दावर त्यांनी आ केला होता. आता तातडीची तपासणी लावली, तर प्रयोगशाळेबाहेर चिटपाखरू नव्हतं. पहिल्या वर्षाची अल्फिया मुजावर तेवढी दारातून डोकावली.

“ताई, घसा दाखवला की नाव लागतं म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच.” ती कुजबुजली. “माझी रूममेट तृप्ती सोमवारच्या रांगेला आलीच नव्हती, आणि कालपासून तापलीये. तिला पण काडी नको म्हणून ती झोपून राहिलीये. कोणाला सांगू नका.”

मी काहीही न ऐकता गाडी बोलावली. तृप्तीला मिरजेला पोचवलं तेव्हा तिची मान वळत नव्हती. तिच्यातही तोच जंतू निघाला, अक्षर न् अक्षर तोच. म्हणजे मागोव्याच्या झाडाबाहेर तो मोकळा हिंडत होता, आणि आम्ही माझं चारित्र्य तपासत बसलो होतो.

बाबरसाहेबांनी मला कार्यालयात बोलावलं. त्यांच्या टेबलापलीकडे वेदांगची आई बसली होती. रात्ररात्र जागलेला चेहरा, हातात मुलाचा मोबाइल. साहेबांच्या पाठीमागच्या भिंतीवर एक नवाकोरा फोटो होता. फेटा बांधलेले साहेब, ओठांना तुतारी, गाल फुगलेले. दीक्षान्त मिरवणुकीच्या सरावाचं उद्घाटन.

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. “चौघांशी निकट संपर्क आल्याचं मान्य करून सही कर. संध्याकाळपर्यंत वसतिगृह सोड. परीक्षेचं नंतर बघू. आम्ही कुठं वाच्यता करणार नाही.”

“वाच्यता गावभर करून झालीय, साहेब.”

“मग जंतू काय उडत गेले?”

“तेच शोधायला हवं. तृप्ती कुठल्याच दोरीत नाही, तिच्यापर्यंत कसे गेले? तुम्हाला शोधायचं नाहीये. तुम्हाला मिटवायचं आहे.”

“भाषा सांभाळून बोल. यंत्र खोटं बोलतं का?”

“यंत्र निकट म्हणतं. निर्लज्ज म्हणत नाही. तो शब्द या खोलीतला आहे.”

साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. तेवढ्यात वेदांगची आई बोलली. आवाज अगदी बारीक होता.

“मला बाकी काही नको. एवढंच सांग, पोरी. तू त्याची कोण?”

मला त्या बाईचा राग येईना. तिचं पोर श्वासाच्या यंत्राला जोडलेलं होतं, तिला काहीतरी धरायला हवं होतं.

“काकू, तो शुद्धीवर आला की त्याला विचारा. तो सांगेल ते खरं. मी इथं सांगणार नाही.”

सांगितलं असतं तर सुटले असते, असं नंतर खूप जणांनी मला ऐकवलं. ‘नुसती ओळख आहे हो’ म्हटलं असतं, तर मी गरीब गाय ठरले असते. ‘आहे आमचं’ म्हटलं असतं, तर चारातला एक हिशेब तरी जुळला असता. पण दोन्हीकडून मला माझं मन पुराव्यासारखं टेबलावर ठेवावं लागलं असतं, आणि बाबरसाहेबांनी ते चष्मा लावून तपासलं असतं. मी गुन्हाच केला नव्हता, तर निर्दोष असल्याचं सिद्ध कशापायी करू? मी सही केली नाही. कागद परत सरकवला आणि उठले.

खोलीत आले तर आबा बसलेले. वसतिगृहातून त्यांना फोन गेला होता. मुलीला घेऊन जा. जतच्या पलीकडून दोन एसट्या बदलून माणूस आला होता, पायांत धूळ, मांडीवर रिकामी पिशवी.

“काय झालंया, ते मला नीट कळलं न्हाई,” ते म्हणाले. “फोनवर बाई लई घाण बोलली. मी म्हणलं, माझ्या लेकीला मी वळखतो. पर तू सांग. तू सांगशील ते ऐकतो.”

मी सांगितलं. जंतू, थुंकी, झाड, दोऱ्या, सगळं. ते ऐकत राहिले.

“म्हंजे तुझ्या तोंडातलं त्या पोरांच्या तोंडात गेलं, आसं म्हणत्यात?”

“किंवा त्यांचं माझ्या तोंडात. किंवा तिसऱ्याच कोणाचं सगळ्यांच्या.”

“आन् ते कसं, ते तुलाच ठावं न्हाई.”

“नाही, आबा.”

त्यांना तहान लागली होती. मी माझी बाटली दिली. त्यांनी ती हातभर उंच धरली आणि वरून घटाघटा पाणी ओतून घेतलं. ओठ लावला नाही. पोटच्या पोरीच्या बाटलीलाही लावला नाही. सवयच ती. आमच्या घराण्याकडे गावच्या देवाची तुतारी. आबांच्या आज्ज्याला गावात पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं, भांड्याला हात लावायची सोय नव्हती. पण देवाची पालखी मात्र त्याच्या तोंडच्या वाऱ्याशिवाय जागची हलायची नाही. आता ते दिवस गेले, तरी वरून प्यायची सवय घरात राहिली.

पाणी पिऊन आबांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं भिंतीला टेकून आमची तुतारी उभी होती. मिरवणुकीसाठी मी घरून आणलेली, आज्ज्याच्या आज्ज्याची.

“पोरांनी चेपवली तर न्हाई न्हवं?” असं म्हणत त्यांनी ती उचलली, वाकावर बोट फिरवलं, आणि वाजवून बघायला थेट ओठांकडे नेली.

“आबा, थांबा!”

मी ती त्यांच्या हातातून ओढूनच घेतली. माझ्या बापाच्या तोंडची तुतारी मी काढून घेतली. त्यांचा चेहरा उतरला.

“का गं? तुतारी काय उष्टी होती व्हय?”

मी तुतारीचं तोंड स्वतःकडे वळवून बघितलं.

तुतारी उष्टी होत नाही. हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. बाटली उष्टी होते, ग्लास उष्टा होतो, आंब्याची फोड उष्टी होते. तुतारी नाही. तो देवाचा आवाज. मला वाटतं, ही सोय गावानेच स्वतःसाठी करून घेतली असणार. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्या तोंडचा मंगल आवाज तर हवा, मग वाद्यालाच विटाळातून वगळून टाकलं. आणि ती सोय आम्हीही डोळे झाकून पाळत आलो.

सराव सुरू झाला त्या संध्याकाळी मैदानावर मी तुतारी काढली, तेव्हा सगळे माझ्याभोवती जमले. “ताई, मला एकदा.” “मला, मला.” एकेकाने गाल फुगवून फुंकली, कोणाची नुसती फुस्स व्हायची, पोरं खो-खो हसायची, की लगेच दुसऱ्याच्या तोंडाला. वेदांगने पहिल्याच फटक्यात आवाज काढला होता. अंधार पडत होता, कोण कोण होतं, मला आठवेना. तृप्ती होती, तिला ठसका लागला होता. आणखी एक जण मात्र लख्ख आठवला. त्याचं पुढे सांगते.

तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही विचारत होतो. कोणाचं उष्टं खाल्लंत का? एका ग्लासातून प्यायलात का? एक सिगारेट दोघांत ओढलीत का? प्रश्न मी स्वतः लिहिले होते. सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं, आणि सगळे खरं बोलले होते.

मी धावत मगदूम मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि क्षणभर डोळ्यांवर हात ठेवला.

“तुतारीवर काडी फिरवून बघूया? पुरावा मिळेल.”

“आता नाही मिळायचा, मॅडम. पितळेवर थुंकी सुकली की जंतू मरतो. त्या वेळी ओली, पाठोपाठ फिरली, म्हणून पोचला.”

“म्हणजे पुरावा नाही.”

“पुरावा नाही. माणसं आहेत. कोणकोण ते मला माहीत नाही. त्यांनी स्वतः यायला हवं, आणि माझं झालं ते बघून कोणी येणार नाही.” मला रडू फुटलं, ते मी फुटू दिलं. “मॅडम, तुम्ही एकदा माझं नाव सांगितलंत. आता इंजेक्शनचा डबा घेऊन माझ्याबरोबर चला.”

त्या उठल्या. डबा फ्रिजमधून काढायला लागल्या.

ऊन उतरत होतं. पवनचक्क्यांच्या लांब सावल्या मैदानावर फिरत होत्या. मी तुतारीचं तोंड स्पिरिटने स्वच्छ पुसलं, पुन्हा पुसलं. माझ्या घशातले जंतू इंजेक्शनने मेले होते. आबा मैदानाच्या कडेला उकिडवे बसले होते. मैदानाच्या मधोमध उभी राहून मी छाती भरून वारा घेतला आणि फुंकली.

तुतारी नाजूक वाजत नाही. तिला कुजबुजता येत नाही, गयावया करता येत नाही. तिला एकच येतं, उठा आणि या. दोन्ही वसतिगृहांच्या खिडक्या उघडल्या. मी परत फुंकली. पथकाची पोरं या आवाजावर जमायला शिकली होती, ती आधी आली. मग त्यांच्यामागे बाकीचे. मग दोन सुरक्षारक्षकांना घेऊन बाबरसाहेब.

“सोड म्हटलं होतं ना वसतिगृह? हा काय तमाशा लावलाय?”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. गर्दीकडे बघून ओरडले.

“मी ज-४१. तुम्हाला सगळ्यांना माहीत झालंय, तर माझ्याच तोंडून ऐका. जंतू माझ्या घशात होता. तो या तुतारीतून फिरला. त्या संध्याकाळी ज्यांनी ज्यांनी हिला तोंड लावलं, त्यांच्या घशात तो आज असू शकतो. त्यांतला एखादा उद्या वेदांगच्या शेजारच्या खाटेवर असू शकतो. इंजेक्शन इथं आहे, मॅडम इथं आहेत. नाव कोणी विचारणार नाही. फक्त पुढे या.”

कोणी हललं नाही. मला कळत होतं. पुढे येणं म्हणजे त्या झाडावर माझ्या शेजारी जाऊन बसणं. ते तीन लाल दोऱ्यांचे मुलगेही गर्दीत होते, इंजेक्शनला बोलावलं तेव्हाच ते कोण हे सगळ्यांना कळलं होतं. इतके दिवस लोक त्यांच्या पाठीवर थाप मारत होते, मला शिव्या देत होते, आणि ते गप्प होते. आत्ताही बुटांकडे बघत होते.

मग ओढणी सावरत अल्फिया पुढे आली.

“मी फुंकली होती, ताई. माझा आवाज निघाला नव्हता.”

“आता निघाला की,” मी म्हटलं.

ती दंड पुढे करून मॅडमसमोर उभी राहिली. तिच्यामागे पथकातल्या दोघी आल्या. मग एक ढोलवाला. मग एकदम सात-आठ जण. शेवटी ते तिघे आले, इंजेक्शन आधीच मिळालं होतं तरी परत काडी द्यायला, आणि माझ्यासमोरून जाताना एकाने “ताई, आम्ही बोलायला हवं होतं,” एवढं म्हटलं. हवं होतंच. मी त्याला ‘असू दे’ म्हटलं नाही. रांगेत जा म्हटलं.

“रक्षक, ती तुतारी ताब्यात घ्या,” बाबरसाहेब म्हणाले.

“थांबा, साहेब. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर फोटो आहे ना?”

साहेबांचा हात हवेतच राहिला.

“त्या संध्याकाळी मी एकदा फुंकून दाखवली, आणि माझ्या हातातून तुम्ही घेतली. फोटोवाल्याने ‘अजून एकदा’ म्हटलं म्हणून दोनदा फुंकलीत. माझ्यानंतर या तुतारीला पहिलं तोंड तुमचं. यंत्राच्या भाषेत तुमचाही माझ्याशी निकट संपर्क आला. तो कागद आणलाय का? दोघं मिळून सही करू.”

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मैदानभर हशा पसरला. मला वाटलं होतं, मला फार आनंद होईल. पण साहेबांचा चेहरा बघितला, तर तो लाल झालेला नव्हता. पांढरा पडला होता. त्यांना त्या क्षणी बदनामी नव्हती आठवली. घरी त्यांना दीड वर्षाचा नातू होता, हे मला नंतर कळलं.

ते चालत आले, मॅडमसमोर उभे राहिले, सदऱ्याची बाही वर सारली. मी काडी पुढे केली, आणि भैरवमाळ विद्यापीठाच्या कुलसचिवांनी सगळ्यांदेखत मोठा आ केला.

कडेला बसलेले आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. “उठली बघ पालखी,” असं स्वतःशीच म्हणाले.

त्यानंतर कोणी आजारी पडलं नाही. तृप्ती बरी होऊन आली, चिडचिडी झाली होती, पण आली. वेदांग शुद्धीवर आला. त्याचा डावा कान गेला.

थोड्या दिवसांनी बाबरसाहेब प्रयोगशाळेत आले. मी एकटीच होते. दार लोटून घेऊन ते नळ्यांच्या कपाटासमोर उभे राहिले.

“मैदानावरचे नमुने... वाचून झाले?”

“झाले.”

“माझा?”

“सगळ्यांचेच.”

“घरच्या सगळ्यांना मी इंजेक्शन दिलंय. ते नाही विचारत.” त्यांनी चष्मा काढला. “तो पोरगा एका कानाने बहिरा झाला. मला एवढंच कळू दे. ते माझ्यापासून सुरू झालं का?”

पडदा माझ्याकडे वळलेला होता. त्यांच्या क्रमांकाच्या जागी काय होतं, मला माहीत होतं. या माणसाने चारचौघांत मला उघडी पाडायला कागद तयार ठेवला होता. एक शब्द पुरला असता. बोलले असते तर आयुष्यभर झोपले नसते साहेब, किंवा त्या रात्री शांत झोपले असते. दोन्ही माझ्या हातात होतं.

“झाडाला बाण नसतात, साहेब. आणि असते, तरी त्या क्रमांकाला तुमचं नाव मी तुमच्यासाठीसुद्धा जोडलं नसतं. तुम्ही इथं क्रमांक आहात. इंजेक्शन मिळालं, काम संपलं.”

“मग मी काय समजू?”

“मी समजले तेच. तुतारी सगळ्यांनी फुंकली.”

ते खाली बसले. मग मी त्यांच्याकडून एक काम करून घेतलं, तिथंच, ते मऊ झालेले असतानाच. क्रमांकांची किल्ली यापुढे विद्यापीठाकडे राहणार नाही, विद्यार्थ्यांनी निवडलेल्या दोघांकडे राहील, आणि उपचाराखेरीज ती कोणासाठी उघडणार नाही, कुलसचिवांसाठीही नाही. त्यांनी नियम वाचला आणि सही केली. पुढच्या सोमवारी रांग कँटीनपर्यंत गेली होती.

“आणि भिंतीवरचा फोटो काढलात म्हणे,” ते निघताना मी म्हटलं. “लावा परत. फेटा चांगला दिसतो तुम्हाला.”

आता पथकात प्रत्येकाचं तुतारीचं तोंड वेगळं आहे. आबांनी मिरजेच्या कारागिराकडून करवून आणली, बसवायची आणि काढायची. आणताना म्हणाले, “उष्टी होत न्हाई म्हणून सांगत आलो की गं पिढ्यान् पिढ्या.” मग स्वतःचं तोंड बसवून त्यांनी अशी फुंकली, की माळावरची मेंढरं बिचकली.

वेदांगच्या आईने मला तो प्रश्न परत विचारला नाही. दीक्षान्त मिरवणुकीला मात्र आल्या, आणि माझ्या हातात गुळपोळीचा डबा ठेवून गेल्या. लोक अजूनही विचारतात. पत्रकार विचारतात, पोरी विचारतात, मगदूम मॅडमनीसुद्धा एकदा आडून आडून विचारलं. मिरवणुकीत वेदांग ढोल वाजवतो, तेव्हा मी तुतारी घेऊन त्याच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाशी उभी राहते. एवढं भर मैदानात सगळ्यांना दिसतं. बाकीचं बावीस लाख अक्षरं वाचूनही मागोव्याला कळलं नाही. तुम्हाला मी का सांगू?